कुणाला काही त्रास?

"मग मी आणखी काय करायला हवं होतं, ताई?"

ओट्यावर मांडी घालून यमुताई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. दाणे सुपात पडत होते, टरफलं वाऱ्यानं अंगणात.

"तुम्हीच सांगा. डॉक्टर बरोबर होता. ऑक्सिजनचे सिलिंडर होते. उंचीची सवय व्हावी म्हणून तीन दिवस एकाच तळावर मुक्काम केला. रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना ओळीत उभं करून विचारायचो... कुणाला काही त्रास? डोकं दुखतंय? मळमळतंय?"

"मग?"

"दोघांचे हात वर आले. त्यांना खाली पाठवलं."

"कधी?"

"लगेच. त्याच दिवशी."

"बाकीच्यांच्या देखत?"

"हो. लपवण्यासारखं काय होतं त्यात?"

ताईंनी आणखी एक शेंग फोडली. "आणि त्यानंतर?"

"त्यानंतर कुणाचाच हात वर आला नाही."

हेरंब कानडे अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींना हिमालयातल्या उंच शिखरांवर घेऊन जायचं, हा त्याचा उद्योग. अकरा वर्षांत नऊशेच्या वर पोरं त्यानं वर नेली आणि सुखरूप खाली आणली. शाळाशाळांतून त्याची भाषणं होत. "मोबाइलमधून मान वर काढायची असेल तर मुलांना डोंगरावर धाडा," हे त्याचं वाक्य आईबाप एकमेकांना पाठवत. त्याला स्वतःचा अभिमान होता, आणि तो अगदीच फुकाचा होता असं कुणी म्हणू शकलं नसतं.

म्हणजे, मे महिन्यापर्यंत.

मे महिन्यात चिपळूणची जुई साळवी त्याच्या तुकडीत होती. वय पंधरा. सहा हजार मीटरच्या शिखरावर ती चढली, झेंडा धरून फोटो काढला, आणि उतरताना अडखळायला लागली. दोनदा पडली. तिसऱ्यांदा बर्फात बसली ती उठलीच नाही. पावलं कुठं टाकायची तेच तिला कळेनासं झालं होतं. हेरंबनं तिला पाठीवर घेतलं. तीन तास तो उतरत होता. तळावर डॉक्टरनं तिला पाठीवरून उतरवून घेतलं तेव्हा ती गेलेली होती.

नेमकी कुठल्या वळणावर गेली, ते त्याला कळलं नव्हतं.

आता नोव्हेंबर होता. चौकशी समितीपुढं त्याला पुढच्या आठवड्यात उभं राहायचं होतं. सातारच्या शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या यमुताई केळशीकर या एके काळी दर मे महिन्यात पोरांना हिमालयात नेणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी. शहात्तर वय झालं, निवृत्त होऊन बोरवाडीत दोन खोल्यांत राहायला आल्या, तरी डोंगरातल्या लोकांत त्यांच्या शब्दाला अजून वजन होतं. हेरंब त्यांचाच विद्यार्थी. चौदाव्या वर्षी बर्फ पहिल्यांदा त्यानं ताईंच्या मागून चालत पाहिला होता.

त्याच्या बॅगेत एक टाइप केलेला कागद होता. *व्यवस्थेत कोणतीही त्रुटी नव्हती असे माझे अनुभवान्ती मत आहे.* खाली सहीची जागा मोकळी.

"सही तेवढी हवी होती, ताई."

ताईंनी सूप बाजूला सारलं. पदर झटकला.

"चल. वाघजाईपर्यंत जाऊन येऊ."

"आत्ता?"

"ऊन चढायच्या आत."

घरामागूनच वाट चढत होती. वर टेकडीच्या माथ्यावर वाघजाईचं ठाणं. शेंदूर लावलेला एक दगड, एक घंटा, बस्स.

ताई पुढं. लहान पावलं, पण न थांबणारी. हातात काठी होती, ती टेकण्यापेक्षा वाटेतलं गवत बाजूला करायलाच जास्त लागत होती. हेरंब मागं. पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या उजव्या गुडघ्यात काचेचा तुकडा फिरायला लागला.

जुईला पाठीवर घेऊन उतरताना तो दगडांच्या राशीत घसरला होता. तिला लागू नये म्हणून सगळा भार गुडघ्यावर घेतला. तेव्हापासून हे. डॉक्टरला त्यानं दाखवलं नव्हतं. लोक म्हणतील, पोरगी गेली आणि हा दया यावी म्हणून लंगडतोय. म्हणून सहा महिने तो दात आवळून सरळ चालत होता.

पहिल्या वळणावर ताईंनी मागं न बघता विचारलं, "पाय ठीक आहे ना?"

"हो, ताई."

वाट अरुंद झाली. कारवीच्या वाळक्या काटक्या अंगाला घासत होत्या. हेरंबचा सदरा पाठीला चिकटला. शहात्तर वर्षांची बाई पुढं चालली आहे आणि आपण थांबा म्हणायचं... शक्यच नव्हतं.

आंब्याच्या झाडापाशी त्या पुन्हा म्हणाल्या, "बसायचं का जरा?"

"छे! कशाला?"

शेवटच्या चढाला दगडांत खोदलेल्या पायऱ्या होत्या, गुडघाभर उंचीच्या. तिथं त्या थांबल्या. वळल्या. त्याच्याकडं पाहून नीट विचारलं.

"हेरंबा, काही त्रास होतोय का?"

"काही नाही, ताई. मस्त वाटतंय. किती दिवसांनी..."

ताई वळल्या आणि चढू लागल्या.

वर पोचल्यावर हेरंबनं घंटा वाजवली, नमस्कार केला आणि दगडावर बसला. उभं राहणं जमतच नव्हतं. खाली बोरवाडीची कौलं दिसत होती. वारा बरा होता.

"पँट वर कर," ताई म्हणाल्या.

"काय?"

"उजवी."

त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. ताई वाट पाहत उभ्या राहिल्या. शेवटी त्यानं पँट गुडघ्यावर सरकवली.

गुडघा कोहळ्यासारखा सुजला होता. कातडी ताणून चकचकीत झाली होती.

"गाडीतून उतरलास तेव्हाच पाहिलं मी. तीनदा विचारलं."

हेरंबनं पँट खाली ओढली.

"का नाही सांगितलंस?"

"...तुमच्यासमोर, ताई."

"माझ्यासमोर काय?"

"लाज वाटली."

"वय काय तुझं?"

"अठ्ठेचाळीस."

"आणि तिचं?"

...

हेरंबला ती ओळ दिसली. तळावरची, सकाळची. डावीकडून दुसरी जुई. तो विचारत होता, कुणाला काही त्रास? आणि ती त्याच्याकडं बघून हसत होती. तो खूश होऊन पुढं सरकला होता. त्या हसण्यात ओठ पांढरे होते, हे त्याला आत्ता, सहा महिन्यांनी दिसत होतं.

त्याला रडू यायला हवं होतं. आला तो राग.

"एक सांगू, ताई? तुम्हाला वाटतंय मी मूर्ख आहे. मला माहीत आहे ती का बोलली नाही. तिच्या तंबूतल्या मुलीनं नंतर मला सांगितलं. वर चढायच्या दिवशी जुई दगडाआड दोनदा ओकली. ती मुलगी म्हणाली, सरांना सांगू या. तर जुई म्हणाली, नको, आज माझा पाचवा दिवस आहे."

"कसला पाचवा दिवस?"

"टोपीचा."

ताईंना कळलं नाही.

"दर संध्याकाळी आम्ही एका मुलाला लाल टोपी घालतो. ज्यानं दिवसभरात एकदाही कुरकुर केली नाही त्याला. टाळ्या होतात. फोटो काढून घरी पाठवतो. जुईला लागोपाठ चार दिवस मिळाली होती. आजवर कुणालाच पाच दिवस मिळाली नाही. तिची आई चिपळुणात सगळ्यांना फोटो दाखवत फिरत होती."

"चौकशी समितीला हे सांगितलंस?"

"नाही."

"टोपीची कल्पना कुणाची?"

हेरंबनं त्यांच्याकडं पाहिलं.

"तुमची, ताई."

...

"आठवत नाही तुम्हाला. नसेलच आठवत. चौतीस वर्षं झाली. बर्फावरचा शेवटचा दिवस होता. रमेश घोणे रडत होता, अलका रडत होती, सगळेच कुणी ना कुणी रडत होते. मी नव्हतो रडत. तुम्ही चाळीस पोरांसमोर स्वतःच्या डोक्यावरची लोकरीची लाल टोपी काढलीत आणि माझ्या डोक्यावर घातलीत. म्हणालात, 'बघा रे, याला म्हणतात गडी. एक अक्षर बोलला नाही.' त्या एका वाक्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलंय, ताई. मी दुसरं काही केलंच नाही. तेच वाक्य नऊशे पोरांना दिलं."

ताई हळूच खाली बसल्या. त्यांना आठवलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळेना.

"चांगलं वाक्य होतं," त्या म्हणाल्या. "मला तेव्हा चांगलं वाटलं होतं."

हेरंब हसला. ते हसू बरं नव्हतं. तो वाकला आणि डाव्या बुटाची नाडी सोडू लागला.

बूट काढला. मोजा काढला. पाय दगडावर ठेवला.

करंगळी नव्हती. तिच्या शेजारचं बोटही नव्हतं. तिथं नुसती गुळगुळीत, फिकी कातडी होती, जुन्या साबणासारखी.

ताई बघत राहिल्या. हेरंब गेली वीस वर्षं त्यांच्या घरी येत होता. उंबऱ्याबाहेर बूट काढायचा, पण मोजे कधीच नाही. शहरातली सवय असेल, असं त्यांना वाटायचं.

"हे कधी?"

"त्याच कॅम्पला. बूट भिजले होते. दोन दिवस बोटांना काही कळत नव्हतं. टोपी घातलीत त्या दिवशी बोटं काळी पडलेली होती."

"त्या दिवशी?"

"तुम्ही टाळ्या वाजवायला सांगितल्यात तेव्हा मी याच पायावर उभा होतो."

वारा पडला. घंटेचा दोर हलायचा थांबला.

"घरी आलो. बाबांची नाशिकला बदली झाली होती. तिथंच कापली. शाळेत कुणाला कळायचा प्रश्नच आला नाही."

"मला का नाही सांगितलंस?" ताईंचा आवाज कोरडा होता. "तेव्हा नाही तर नाही. नंतर? मोठा झाल्यावर?"

हेरंबला उत्तर शोधावं लागलं नाही. ते चौतीस वर्षं तयारच होतं.

"टोपी परत द्यावी लागली असती."

...

ताईंनी हात पुढं केला. बोटं नव्हती त्या जागेवर तळवा ठेवला. गार पडलेलं लहान मूल झाकावं तसा. थोडा वेळ तसाच ठेवला. मग तोच हात त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावला.

हेरंबनं चटका बसल्यासारखा पाय ओढून घेतला.

"ताई! काय करताय हे?"

त्यानं घाईघाईनं मोजा चढवला, बूट घातला. इतकी वर्षं वाटत होतं, एक दिवस हे ताईंच्या तोंडावर फेकलं की आपण हलके होऊ. फेकून झालं होतं. हलकं काही वाटत नव्हतं. समोर फक्त एक म्हातारी बाई आणखी म्हातारी झाली होती.

उन्हं अंगावर आली तेव्हा ते उतरायला लागले.

चढण्यापेक्षा उतरणं वाईट. प्रत्येक पायरीला गुडघा ओरडत होता. ताई पुढं होत्या, त्याच लहान पावलांनी. आंब्याचं झाड अजून बरंच खाली होतं. हेरंबनं कपाळावरचा घाम पुसला, दात आवळले, चार पायऱ्या उतरला.

पाचवी त्याला उतरवेना.

"ताई... थांबा."

त्या थांबल्या.

"दुखतंय."

एवढा एक शब्द बोलायला त्याला डोंगर चढण्याहून जास्त दम लागला. ताईंनी शाबास म्हटलं नाही. बरं झालं सांगितलंस, असंही नाही. दोन पायऱ्या वर आल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. काठी त्याच्या हातात दिली.

खालून कुणाच्या तरी शेळ्यांचा आवाज येत होता.

"पुढच्या मेची नावनोंदणी सुरू आहे," हेरंब म्हणाला. "मी जाहिरात केलेली नाही. लोकच फोन करतात. बावीस मुलं झाली. जुईचं पेपरात वाचलेले आईबाप आहेत त्यात. मला म्हणतात, आमचा तसा नाहीये सर, आमचा फार सोशिक आहे."

ताईंनी डोळे मिटले.

"काय करू?"

ताईंनी पदरानं चेहरा पुसला.

"मुलांना एकेकट्याला विचारीन. टोपी बंद करीन. हात वर केला म्हणून कुणाला सगळ्यांदेखत परत धाडणार नाही. पण मी समोर उभा राहिलो की ती बोलतील का, ताई? मी नाही बोललो. तुम्ही तर किती मायेनं विचारलंत."

"तो सहीचा कागद कुठं आहे?" ताईंनी विचारलं.

"बॅगेत. ओट्यावर." तो थांबला. "राहू दे. नको आता."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला समजलं नाही.

मग हेरंब स्वतःशीच बोलल्यासारखा बोलू लागला.

"तिचे वडील आले होते माझ्या घरी. साळवी. चिपळूणला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. मला वाटलं, मारतील. मी मार खायला तयार होतो. ते बसले, पाणी प्याले. ओरडले नाहीत. एकच विचारलं. म्हणाले, 'आमच्या पोरीच्या पायात काटा रुतला तर ती आळी गोळा करायची, सर. साधा ताप आला तर आई आई करून घर डोक्यावर घ्यायची. तिला गप्प बसायला कुणी शिकवलं?'"

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, चौकशी चालू आहे." त्यानं काठीनं पायरीवरची माती उकरली. "दर सोमवारी त्यांचा फोन येतो. तेच विचारत असणार. मी उचलत नाही."

"आज वार कोणता?"

"सोमवार."

ताई गुडघ्यावर हात रोवून उठल्या. उठताना त्यांनाही वेळ लागला. खालच्या पायरीवर जाऊन त्यांनी आपला खांदा त्याच्या हाताच्या उंचीवर आणला आणि त्याच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

हेरंबनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदा हलकेच. मग भार देऊन.

"तुझं घर साळवींनी पाहिलंय," यमुताई म्हणाल्या. "...आता फोन आला की उचल, माझा पत्ता दे."